संगणकाचा मुखत्यार

शेत एका गावी आणि मालक दुसऱ्या गावी असला, म्हणजे कचेरीच्या कामासाठी दर वेळी मालकाला जाता येत नाही. अशा वेळी तो आपल्या विश्वासातील माणसाला लेखी अधिकार देतो. त्या कागदाला मुखत्यारपत्र म्हणतात आणि त्या माणसाला मुखत्यार. उर्दूतील ‘मुख्तार’ तो हाच. निकाहाच्या वेळीही आपण असा मधला माणूस पाहतो. मुलगी आतल्या खोलीत असते आणि काजीसाहेब बाहेर मजलिशीत. वकील साक्षीदारांना घेऊन आत जातो, मुलीला विचारतो आणि तिचे उत्तर बाहेर येऊन सांगतो. त्या उत्तरात त्याने स्वतःचा एक शब्दही घालायचा नसतो.

संगणकांच्या जाळ्यातही असा एक मुखत्यार असतो. त्याला प्रॉक्सी म्हणतात. या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थही मुखत्यारी असाच आहे. प्रॉक्सी काय करतो, शिकण्यासाठी छोटासा प्रॉक्सी कसा बनवता येतो आणि तो किती कामाचा आहे हे कसे मोजावे, ते या पाठात पाहू.

मधला माणूस कशासाठी?

आपण संगणकावर एखादे पान मागतो, तेव्हा आपला संगणक दूरच्या दुसऱ्या संगणकाला निरोप पाठवतो. पाने पुरवणाऱ्या त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. मध्ये प्रॉक्सी असेल, तर आपला निरोप आधी प्रॉक्सीकडे जातो. प्रॉक्सी आपल्या वतीने सर्व्हरकडे मागणी करतो, उत्तर घेतो आणि आपल्याला आणून देतो. सर्व्हरला मागणारा म्हणून प्रॉक्सीच दिसतो.

तुम्ही विचाराल, “सरळ रस्ता असताना हा वळसा कशाला?” याचे उत्तर आपल्याच राज्याच्या इतिहासात सापडते.

भारतात शिक्षणसंस्थांचे संगणक एकमेकांना जोडण्याचे काम १९८६ मध्ये ‘अर्नेट’ या प्रकल्पाने सुरू झाले. त्यात आठ संस्था होत्या. मुंबईतील जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी या दोन त्यांपैकीच. जुहूच्या केंद्राचे प्रमुख श्रीनिवासन रामाणी होते. १९८९ च्या सुमारास या केंद्रातून अमेरिकेपर्यंत एक कायमची संगणकजोडणी मिळाली. तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट इतका होता. बिट म्हणजे माहितीचा सर्वांत लहान कण. आठ बिट मिळून एक बाइट होतो. पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्य लोकांसाठी खुले केले. त्या वेळीही टेलिफोनवरून साधारण एवढाच वेग मिळे.

आता एक गणित करू. एक चित्र ६,००,००० बाइटचे आहे. म्हणजे ते ४८,००,००० बिट झाले. सेकंदाला ९,६०० बिट या वेगाने ते यायला ५०० सेकंद लागतील. म्हणजे ८ मिनिटे २० सेकंद. वर्गातील ३० मुलांनी एकामागून एक तेच चित्र मागितले, तर १५,००० सेकंद लागतील. हे झाले ४ तास १० मिनिटे. शाळेचा जवळजवळ सगळा दिवस एका चित्रात गेला!

मात्र दाराशी प्रॉक्सी बसवला आणि त्याने पहिल्या मुलासाठी आणलेल्या चित्राची एक प्रत आपल्याजवळ ठेवली, तर दूरचा प्रवास एकदाच होईल. बाकीच्या २९ जणांना ते चित्र शाळेतल्या शाळेतच मिळेल. आधी आणलेली वस्तू अशी साठवून ठेवण्याला ‘कॅश’ म्हणतात. घरात एक पोते गहू आणून ठेवला, म्हणजे रोज मूठभर गव्हासाठी बाजार गाठावा लागत नाही, तशीच ही गोष्ट आहे.

अशी सोय असलेला प्रॉक्सी स्वित्झर्लंडमधील सर्न या प्रयोगशाळेत तयार झाला आणि १९९४ मध्ये त्याची माहिती जगापुढे आली. १९९६ मध्ये ‘स्क्विड’ नावाचा प्रॉक्सी आला. तो कोणालाही मोफत मिळे आणि त्याची आतली रचनाही वाचता येई. त्यामुळे महाविद्यालयांत आणि कार्यालयांत त्याचा फार प्रसार झाला. पवईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांनाही बाहेरच्या जाळ्यावर कित्येक वर्षे प्रॉक्सीमधूनच जावे लागे. जोडणी एक आणि मागणारे हजारो असले, म्हणजे दाराशी कोणीतरी जबाबदार माणूस बसवावाच लागतो.

छोटा प्रॉक्सी बनवू या

स्क्विडसारखा प्रॉक्सी बनवणे मोठ्या मंडळींचे काम आहे. परंतु शिकण्यापुरता प्रॉक्सी पायथॉन या संगणकभाषेत शंभराहून कमी ओळींत लिहिता येतो. या ओळी इथे देत नाही. त्यांमागचा विचार पाच पायऱ्यांत समजून घेऊ. विचार पक्का झाला, की ओळी लिहायला वेळ लागत नाही.

पहिली पायरी दाराची. प्रत्येक संगणकाला जाळ्यावर एक पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर पुष्कळ दारे असतात. या दारांना पोर्ट म्हणतात. त्यांचे क्रमांक ० पासून ६५,५३५ पर्यंत असतात. आपण ८८८८ हे दार घेऊ. पत्ता मात्र १२७.०.०.१ हाच द्यावा. या पत्त्याचा अर्थ ‘मी स्वतः’ असा आहे. म्हणजे आपला प्रॉक्सी फक्त आपल्याच संगणकाचे ऐकेल, बाहेरच्यांचे नाही. असे का करायचे, ते पुढे येईल.

दुसरी पायरी वाट पाहण्याची. प्रॉक्सी दाराशी बसून राहतो. कोणी आले, की त्याला आत घेतो.

तिसरी पायरी मागणी वाचण्याची. मागणीच्या पहिल्या ओळीत तीन गोष्टी असतात: काय करायचे, कोणते पान हवे आणि बोलण्याचे नियम कोणते. ही मागणी प्रॉक्सीसाठी असल्यामुळे तिच्यात पानाचा पूर्ण पत्ता असतो. त्यावरून पुढे कोणाकडे जायचे, हे प्रॉक्सीला समजते. पहिल्या ओळीखाली आणखी काही सूचना असतात आणि शेवटी एक कोरी ओळ. कोरी ओळ आली, म्हणजे सूचना संपल्या.

इथे पुष्कळ जण फसतात. निरोप एका दमात पुरा येईल, असे ते धरून चालतात. जाळ्यावरून निरोप तुकड्यातुकड्यांनी येऊ शकतो. कधी अर्धी ओळ आधी येते आणि उरलेली मागून. म्हणून कोरी ओळ दिसेपर्यंत तुकडे जोडत राहिले पाहिजे. समोरच्याचे बोलणे पुरे होण्याआधी उठून चालू लागणारा निरोप्या काय निरोप पोहोचवणार?

चौथी पायरी पुढे जाण्याची. प्रॉक्सी आता सर्व्हरच्या दारी जातो आणि मागणी त्याच्या हाती देतो. आपण शिकाऊ आहोत, म्हणून मागणीत एक सूचना घालावी: ‘उत्तर संपले, की जोडणी बंद करा.’ ही सूचना नसेल, तर सर्व्हर जोडणी उघडी ठेवू शकतो. मग उत्तर कुठे संपले हे आपल्या साध्या प्रॉक्सीला समजत नाही आणि तो वाट पाहत बसून राहतो.

पाचवी पायरी उत्तर आणण्याची. सर्व्हरकडून थोडे थोडे उत्तर घ्यायचे आणि लगेच मागणाऱ्याकडे द्यायचे. सगळे उत्तर हातात येईपर्यंत थांबू नये. विहिरीवरून पाणी आणताना आपण हंडा भरला, की घरी नेतो. सगळी विहीर उपसण्याची वाट पाहत नाही. उत्तर संपले, की दोन्ही बाजूंची दारे नीट बंद करावीत. दारे उघडी राहत गेली, तर थोड्या वेळाने संगणक नवीन दार उघडायचे नाकारतो.

आपला प्रॉक्सी तयार झाला. पण त्यात एक उणीव आहे. तो एका वेळी एकाचेच काम करतो. पहिल्याने मोठी वस्तू मागितली, तर दुसरा ताटकळत उभा राहतो, मग त्याला एक ओळच का हवी असेना. त्यावर उपाय म्हणजे येणाऱ्या प्रत्येकासाठी एक वेगळा कामगार नेमणे. संगणकाच्या भाषेत अशा कामगाराला थ्रेड म्हणतात. हा बदल करण्यापूर्वी आणि केल्यानंतर किती फरक पडला, हे मोजून पाहावे. मोजण्याचा खरा अभ्यास इथूनच सुरू होतो.

मापात पाप नको

मराठीत ‘मापात पाप’ असा शब्दप्रयोग आहे. दुकानदाराने तराजूत दांडी मारली, म्हणजे त्याने मापात पाप केले. आपल्या धर्मातही कमी मापून देणे हा मोठा गुन्हा मानला आहे. संगणकाचे मापही असेच प्रामाणिक हवे. इथे फसवणूक नेहमी जाणूनबुजून होते, असे नाही. मोजण्याची रीत चुकली, की आपणच आपल्याला फसवतो.

पहिला नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रॉक्सीमुळे किती वेळ वाढला, हे शोधायचे असेल तर दूरचा सर्व्हर वापरू नये. त्याचा वेग दर घटकेला बदलतो. त्याऐवजी आपल्याच संगणकावर एक छोटा सर्व्हर चालवावा. त्याच्याकडून तीच वस्तू आधी सरळ मागवावी आणि मग प्रॉक्सीमार्फत. दोहोंतील फरक हा प्रॉक्सीचा खर्च होय. या मोजणीत कॅश बंद ठेवावी. नाहीतर प्रॉक्सी साठवलेली प्रत देऊन मोकळा होईल आणि आपण त्याची नेआण मोजत आहोत, असा आपला समज होईल.

दुसरा नियम असा, की एकदा मोजून थांबू नये. निदान शंभर वेळा मोजावे. पहिल्या काही खेपा सोडून द्याव्यात, कारण सुरुवातीला संगणकाची जुळवाजुळव चालू असते.

तिसरा नियम सरासरीविषयी आहे. समजा, दहा खेपांना लागलेला वेळ मिलिसेकंदांत असा आहे: ४, ४, ५, ४, ५, ४, ४, ५, ४, ६१. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. या दहा आकड्यांची बेरीज १०० आणि सरासरी १०. आता नीट पाहा. दहापैकी एकाही खेपेला १० मिलिसेकंद लागलेले नाहीत! नऊ खेपांना ५ किंवा त्याहून कमी लागले आणि एका खेपेला ६१. म्हणून आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने मांडावेत आणि मधला आकडा घ्यावा. इथे तो ४ येतो. त्याला मध्यक म्हणतात. शिवाय सर्वांत मोठा आकडाही सांगावा. ज्या मुलाच्या वाट्याला ६१ आले, त्याची तक्रार ४ या आकड्याखाली दडपून टाकू नये. ६१ का लागले, हे शोधणे हाच पुढचा अभ्यास.

चौथा नियम दोन वेगवेगळे प्रश्न वेगळे ठेवण्याचा. बोदवडहून भुसावळला एक चिठ्ठी लवकर पोहोचवायची असेल, तर मोटारसायकलवाला बरा. कापसाच्या शेकडो गाठी न्यायच्या असतील, तर मालगाडी बरी. ती उशिरा पोहोचेल, पण एका खेपेत सगळा माल नेईल. पहिला प्रश्न आहे, एका मागणीला किती वेळ लागतो. दुसरा प्रश्न आहे, एका सेकंदात एकूण किती काम होते. छोटी वस्तू मागवून पहिल्याचे उत्तर मिळते. मोठी वस्तू मागवून आणि एकदम १, १०, ५० मागणारे उभे करून दुसऱ्याचे. थ्रेड नसलेला प्रॉक्सी एका मागणाऱ्यापुढे चांगला वाटतो. दहा आले, की त्याचे पितळ उघडे पडते.

पाचवा नियम घड्याळ केव्हा सुरू करायचे, याचा. रेशनच्या दुकानात तुम्ही सकाळी ९ वाजता रांगेत उभे राहिलात. तुमचा नंबर १० वाजता लागला आणि ५ मिनिटांत धान्य मिळाले. दुकानदार म्हणेल, “आमच्याकडे फक्त ५ मिनिटे लागतात.” तुम्ही म्हणाल, “मला १ तास ५ मिनिटे लागली.” दोघेही खोटे बोलत नाहीत. पण ज्याला धान्य घरी न्यायचे आहे, त्याच्या दृष्टीने रांगेतला वेळ धरलाच पाहिजे. प्रॉक्सी मोजतानाही मागणी निघायला हवी होती त्या क्षणी घड्याळ सुरू करावे. प्रॉक्सी मोकळा होईपर्यंत थांबून मग मागणी पाठवली आणि तेव्हा घड्याळ लावले, तर रांग मापातून निसटते.

शेवटचा नियम सांगण्याचा. समजा, सरळ मागणीला ४ मिलिसेकंद आणि प्रॉक्सीमार्फत ६ मिलिसेकंद लागले. एक जण म्हणेल, “प्रॉक्सीने वेळ दीडपट केला!” आता खरा सर्व्हर दूर आहे आणि त्याला २०० मिलिसेकंद लागतात, असे धरा. त्यात २ मिळवले, तर २०२ होतात. दुसरा म्हणेल, “प्रॉक्सीमुळे शंभरात एक इतकाच वेळ वाढला.” दोन्ही विधाने खरी आहेत. म्हणून नुसते ‘दीडपट’ किंवा ‘शंभरात एक’ सांगणे पुरेसे नाही. मूळ आकडे, वस्तूचा आकार, मागणाऱ्यांची संख्या, खेपांची संख्या आणि संगणक कोणता होता, हे सारे वहीत लिहावे. दुसऱ्या शाळेतील मुलाने ती वही वाचून तोच प्रयोग केला आणि त्याला जवळपास तसेच उत्तर मिळाले, तरच आपले माप खरे.

अमानत

आता १२७.०.०.१ हाच पत्ता का घ्यायचा, ते सांगतो. प्रॉक्सी सर्वांसाठी खुला ठेवला, तर कोणीही अनोळखी माणूस त्याच्या आडून वाटेल ते उद्योग करू शकतो. सर्व्हरला दिसेल तो आपलाच पत्ता. मुखत्यारपत्रावर सही करून नाव न लिहिता ते चौकात टाकून देण्यासारखेच हे झाले.

याची दुसरी बाजूही आहे. आपण स्वतः प्रॉक्सी बनवला, म्हणजे मधल्या माणसाला काय काय दिसते, हे आपल्या डोळ्यांनी पाहता येते. साध्या, न मिटलेल्या पत्रासारख्या मागणीतील प्रत्येक शब्द त्याला वाचता येतो. मनात आणले, तर तो शब्द बदलूही शकतो. म्हणूनच आज बहुतेक पाने लखोट्यात घालून पाठवल्यासारखी सांकेतिक लिपीत जातात. अशा वेळी साध्या प्रॉक्सीचे काम दोन्ही टोके जोडून देणे आणि लखोटे इकडून तिकडे नेणे एवढेच उरते. कोणाच्या घरी लखोटा चालला आहे, हे त्याला समजते. आत काय आहे, ते समजत नाही. आत काय आहे हे माहीत नसल्यामुळे त्याला प्रतही साठवता येत नाही. ते काम आता मोठ्या कंपन्या स्वतः करतात. त्या आपल्या चित्रांच्या आणि चित्रफितींच्या प्रती मुंबईसारख्या शहरांत ठेवतात आणि तिथून आपल्याला पुरवतात. जागा बदलली, युक्ती तीच राहिली.

मोबाइलवर ‘मोफत’ आणि ‘सर्वांत वेगवान’ म्हणवणारे अनेक मधले लोक भेटतात. पुष्कळ मुले काही विचार न करता आपली सगळी ये-जा त्यांच्या हाती देतात. अशा वेळी दोन प्रश्न विचारावेत. हा वेगवान आहे, असे म्हणतात. ते कोणी मोजले आणि कसे? आणि माझा लखोटा याच्या हाती बंद जातो की उघडा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मापाने मिळते. दुसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत आपला पासवर्ड, घरचा पत्ता किंवा बँकेचा क्रमांक त्याच्या हाती देऊ नये.

मराठीतील ‘अनामत’ हा शब्द ‘अमानत’ या शब्दावरूनच आला आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्याजवळ असताना तिला हात न लावता ती जशीच्या तशी परत करणे, हा त्यातील मूळ भाव. तुम्ही बनवलेल्या छोट्या प्रॉक्सीची पहिली परीक्षाही हीच ठेवा. सर्व्हरवरची एक वस्तू त्याच्यामार्फत मागवा आणि मूळ वस्तूशी ताडून पाहा. दोन्हींचा एकेक बाइट जुळला, तरच त्याचा वेग मोजायला घ्या.

स्वाध्याय

१. मुखत्यार, निकाहातील वकील आणि प्रॉक्सी यांच्या कामांत कोणते साम्य आहे?

२. एक वस्तू ३,००,००० बाइटची आहे. सेकंदाला ९,६०० बिट या वेगाने ती यायला किती वेळ लागेल? वर्गातील २० मुलांनी ती वेगवेगळी मागितली तर किती? प्रॉक्सीने प्रत साठवली तर किती?

३. पुढील आकड्यांची सरासरी आणि मध्यक काढा: ६, ७, ६, ६, ७, ६, ४६. यांपैकी कोणता आकडा बहुतेकांचा अनुभव सांगतो? दुसरा का टाकून देऊ नये?

४. ‘पितळ उघडे पडणे’, ‘मापात पाप करणे’, ‘ताटकळत उभे राहणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.

५. उपक्रम: गावातील एखाद्या दुकानात किंवा कचेरीत दहा लोकांना रांगेसह किती वेळ लागला, ते त्यांची परवानगी घेऊन लिहा. मध्यक आणि सर्वांत मोठा आकडा काढून वर्गात सांगा.